हिंदुरावांच्या हॉटेलातली गाण्याची पेटी

ज्ञानू वायरमनचा उजवा कान बहिरा आहे, हे माळेगाव बुद्रुकच्या साखर कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. पॉवरहाऊसात त्याच्याशी बोलायचं असलं की माणसं आपसूक त्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहत. कानाला काय झालं असं कुणी नव्यानं विचारलंच, तर तो म्हणे, "ल्हानपणी येष्टीच्या टपावरनं पडलो." बायकोलाही त्यानं हेच सांगितलं होतं, आणि अक्काबाईनं ते खरं धरून इतकी वर्षं संसार केला होता.

मूळचा तो इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीचा. छप्पन सालानंतर त्याच्या बापानं घरातले देव ओढ्यात सोडले आणि भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावली, तेव्हा ज्ञानू नुकता चालायला लागला होता. पुढं बारामतीच्या आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केला, कारखान्यात चिकटला, कायम झाला. माळेगावात दोन खोल्यांचं पक्कं घर बांधलं. एकुलती एक लेक, रश्मी, बारामतीला कॉलेजात जात होती. ज्ञानू बोलायला कमी. विडी नाही, तंबाखू नाही. पाळी संपली की घर आणि घर संपलं की पाळी.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात, गळीत बंद होऊन कारखाना शांत झाला, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की कारखाना शांत झालाय पण आपल्या डाव्या कानातली शिट्टी काही थांबत नाही. चिमण्यांचा आवाज येईनासा झाला होता. अक्काबाईनं स्वयंपाकघरातून हाक मारली तर तिसऱ्या खेपेला 'ओ' देई. रश्मी त्याला बारामतीला कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेली.

डॉक्टरनं तपासलं, कानाला पट्टा लावून बारीक-मोठ्या शिट्ट्या ऐकवल्या आणि पेशंटला ऐकू येत नाही म्हणून सगळं लेकीलाच सांगितलं. "टर्बाइनच्या आवाजानं डाव्या कानाची शीर मरत चाललीय. वर्षभर काम देईल, नशिबात असलं तर थोडं जास्त. उजव्याला पडदाच नाही. कधी मार लागला होता?"

"एसटीवरून पडले होते," रश्मी म्हणाली.

"पडून असं होत नाही," डॉक्टर म्हणाला आणि चिठ्ठी लिहायला लागला.

ज्ञानूला ते वाक्य नीट ऐकू आलं होतं. त्यानं खिडकीकडं तोंड केलं.

त्यानंतर काही दिवसांनी मेव्हण्याच्या विहिरीवरची मोटार दुरुस्त करून द्यायला तो इंदापूरला गेला. काम उरकून स्टँडवर आला, तर समोर पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेला धुरळा उडत होता. हिंदुरावांचं हॉटेल पाडत होते. पत्रे उतरवले होते, भिंतीला पहारी लागल्या होत्या, आणि आतलं सगळं सामान रस्त्याच्या कडेला रचलं होतं: लोखंडी खुर्च्या, फरशीच्या टेबलांचे पाय, काचेच्या बरण्या, पितळी बंब. त्या पसाऱ्यात, जनावरांच्या पेंडीची रिकामी पोती अंगावर घेऊन, ती उभी होती.

पेटी. माणसाच्या छातीएवढी उंच, पुढून काच, खाली निकेलच्या पट्ट्या. इंग्रजीत तिला ज्यूकबॉक्स म्हणतात, पण इंदापुरात ती 'गाण्याची पेटी' म्हणूनच ओळखली जायची. पुण्यातल्या एका इराण्यानं हॉटेल बंद केलं तेव्हा हिंदुरावांनी ती हौसेनं आणली होती. चार आणे टाकायचे, बटण दाबायचं. आत एक लोखंडी हात हलायचा, शंभर तबकड्यांतून नेमकी एक उचलायचा, आणि गाणं लागायचं. ट्रकवाले खास तेवढ्यासाठी गाड्या थांबवत. पुढं कॅसेटी आल्या आणि पेटी मागच्या गोदामात गेली.

ज्ञानूची येष्टी आली आणि गेली. तो रस्ता ओलांडून पेटीपाशी गेला.

"काय बघताय?" गॉगल लावलेल्या एका माणसानं विचारलं. तो हिंदुरावांचा मुलगा राजवर्धन. हॉटेलच्या जागेवर आता तो परमिट रूम बांधणार होता.

"हिचं काय करनार?"

"भंगारवाला येतोय संध्याकाळी. तुम्हाला पाहिजे का? चालू नाही हां ती. उंदरांनी खाल्लीय."

"मला द्या," ज्ञानू म्हणाला. भंगाराच्या भावात सौदा झाला. राजवर्धनला हसू आलं होतं, ते त्यानं लपवलंही नाही. ज्ञानूनं टेम्पो केला आणि पुढं ड्रायव्हरशेजारी न बसता मागं पेटीला धरून, उन्हात, उभ्यानं माळेगावला आला.

अक्काबाई दारातच उभी राहिली. "ह्ये काय आनलंसा? कपाट हाय का?"

"गान्याची पेटी."

"गान्याची?" तिनं पदरानं काच पुसून आत पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आवं, तुमास्नी ऐकाया येतंय का?"

"अजून येतंय," तो म्हणाला.

पुढच्या खोलीतली कॉट मागं गेली आणि पेटी तिथं आली. कारखान्यातलं देखभालीचं काम आटपून तो घरी आला की सदरा काढून पेटीपुढं बसायचा. मागची फळी उघडली तेव्हा उंदरांचं अख्खं घरटं निघालं, त्यात वाळलेली पिल्लं. अक्काबाईनं नाकाला पदर लावून ते सुपानं उकिरड्यावर नेलं. तारा पार कुरतडलेल्या होत्या. त्यानं एकेक तार काढून तिच्या जागी नवी ओढली. पेटी अमेरिकेची, तिला आपल्याकडची वीज झेपणार नव्हती, आणि जुना ट्रान्सफॉर्मर जळून गेला होता, म्हणून वीज उतरवायचा नवा ट्रान्सफॉर्मर त्यानं स्वतः गुंडाळला. काचेचे वॉल्व्ह बारामतीत एका जुन्या रेडिओवाल्याच्या माळ्यावर मिळाले. सुईसाठी पुण्याच्या जुन्या बाजारात तीन खेपा झाल्या. तबकडी फिरवणारं रबरी चाक दगडासारखं कडक झालं होतं, ते चांभाराकडून नवीन कापून घेतलं. बऱ्याच तबकड्या उष्णतेनं पापडासारख्या वाकल्या होत्या. चांगल्या निघाल्या त्या रश्मीनं साबणाच्या पाण्यानं धुऊन दोरीवर नाही, ताटाळ्यात उभ्या करून वाळवल्या.

रश्मीला त्यात मजा वाटत होती. बापाला असं कशाच्या तरी मागं लागलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. अक्काबाईला मात्र भीती वाटायची. तो काम करताना गुणगुणत नव्हता, हसत नव्हता. दात खाऊन काम करायचा.

एका दुपारी ती चहा घेऊन आली तर तो नाणं पडायच्या खाचेखालचा पत्रा हातात घेऊन बसला होता. पत्र्यावर हिरवट डाग होता, वरून काहीतरी ओघळल्यासारखा, आणि तिथला पत्रा गंजून जाळी झाला होता.

"काय झालं?"

"गोमूत्र आसंल ह्ये," तो म्हणाला. "न्हायतर साधं पानी बी आसंल. कुनाला ठावं."

"गोमूत्र पेटीत कशाला कोन वतंल?"

तेव्हा त्यानं पत्रा खाली ठेवला आणि बायकोला सांगितलं. असं काही सांगायची सवय नसल्यामुळं तो मध्येच थांबायचा, चहाचा कप उचलून परत ठेवायचा.

बहात्तरच्या दुष्काळात निरवांगीत खायला नव्हतं. बाप खडी फोडायला गेला आणि ज्ञानू चालत इंदापूरला आला. हिंदुरावांच्या हॉटेलात कपबश्या धुवायला पोरगं पाहिजे होतं. नाव विचारलं, त्यानं 'ज्ञानू' सांगितलं. गाव विचारलं, ते सांगितलं. पुढचं त्यांनी विचारलं नाही आणि यानं सांगितलं नाही. दोन वेळा पोटभर मिळत होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की पेटीची काच पुसायचं कामही त्याच्याकडंच. पुसता पुसता तो आतल्या त्या लोखंडी हाताकडं बघत राहायचा.

एका ट्रकवाल्यानं खूश होऊन त्याला चार आणे दिले होते. ते त्यानं बरेच दिवस चड्डीच्या नाड्यात बांधून ठेवले आणि एका रिकाम्या दुपारी मालकाला विचारून पेटीत टाकले. मालक हसून म्हणाले होते, "टाक की लेका, तुझं पैसं हायेत." गाणं लागलं. ज्ञानू खुर्चीवर बसला. हॉटेलात खुर्चीवर तो त्याच दिवशी पहिल्यांदा बसला. तेवढ्यात निरवांगीचा एक बागायतदार बाजार करून चहाला आत आला आणि गल्ल्यापाशीच थबकला. "हिंदुराव, ह्यो तर आमच्या महारवाड्यातला. ह्येला कपबश्याला ठिवलाय व्हय?"

"मालकाची पयली थापड कानावर बसली," ज्ञानू अक्काबाईला म्हणाला. "हातात आंगठ्या हुत्या त्येंच्या. मंग लाथा. मी कायसुदिक बोललो न्हाय. गानं चालूच. मला वाटलं कुनीतरी बंद करंल. पर ती पेटी, एकदा पैसं टाकलं की बंद हुईत न्हाय. गानं संपस्तवर मारलं."

"कंचं गानं हुतं?" अक्काबाईनं का विचारलं तिचं तिलाही कळलं नाही.

"न्हाय सांगता येत. लय आठवून बघतो."

नंतर मालकांनी पेटीवर गोमूत्र शिंपडलं. कपबश्या दुसऱ्या पोराकडून राखेनं पुन्हा घासून घेतल्या. फोडल्या नाहीत, पैशाच्या होत्या. ज्ञानू चालत निरवांगीला आला. कानातून रक्त येत होतं. आईला त्यानं येष्टीच्या टपावरून पडल्याचं सांगितलं, कारण खरं सांगितलं असतं तर बाप इंदापूरला गेला असता आणि परत आला नसता. आईनं लसणाचं तेल कोमट करून घातलं. कान महिनाभर वाहिला आणि मग गप झाला.

अक्काबाई रडली नाही. ती उठली, थंड झालेला चहा मोरीत ओतला आणि म्हणाली, "तरीबी तुमी हिला घरात आनली."

"व्हय."

"कशापायी?"

"हितं वाजवायचीय. त्येंच्याम्होरं."

पावसाळा सुरू व्हायच्या आत पेटी चालू झाली. रश्मीनं चार आणे टाकले, लोखंडी हात थरथरत सरकला, तबकडी उचलली, ठेवली. एका जुन्या सिनेमातलं बाईच्या आवाजातलं गाणं घरभर झालं. शेजारच्या बाया दारात गोळा झाल्या. ज्ञानूनं डावा कान जाळीला लावला. त्याला घुमणारा ठोका ऐकू येत होता, बाईचा आवाज येत होता, पण शब्द लागत नव्हते. रश्मीनं विचारलं, "कसं वाटतंय?" तो म्हणाला, "चांगलं हाय." मग वरकुट्याला गेला.

हिंदुराव आता वरकुट्याला शेतावरच्या बंगल्यात असत. साखरेच्या आजारानं पायाची बोटं काढली होती, डोळे अधू झाले होते. दर महिन्याला राजवर्धन त्यांना जीपमधून बारामतीला दवाखान्यात नेई. ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्याला ज्ञानूनं 'हिंदुराव' म्हणायचं ठरवलं होतं. येष्टीत बसून तेवढाच शब्द तो तोंडात घोळवत आला होता. समोर उभा राहिला आणि तोंडातून निघालं, "मालक."

"कोन?"

"माळेगावचा वायरमन हाय. तुमची पेटी घेतली न्हवं, ती चालू केलीय. दवाखान्याला जाल तवा वाकडी वाट करा. ऐकून जावा."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "चालू केली? माझी पेटी? आरं राजवर्धन, ऐकलंस का?"

अक्काबाईला हे अजिबात पटलं नव्हतं. "बोलावून काय मिळनार? पाया पडून घ्यायचंय का त्येंच्याकडनं?"

"वळख पटवायचीय. बस."

ते आले ती दुपार उकाड्याची होती. राजवर्धननं म्हाताऱ्याला धरून आत आणलं आणि खुर्चीवर बसवलं. समोर भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची अशा दोन तसबिरी. हिंदुरावांनी डोळे बारीक करून त्या पाहिल्या. रश्मीनं तांब्या पुढं केला तसे ते भांडंभर पाणी घटाघटा प्यायले आणि आपण होऊन म्हणाले, "आता काय ऱ्हायलंय जातबित. समदी सारखीच की. आमी तर पयल्यापास्नं कुनाला दुजाभाव केला न्हाय."

ज्ञानूनं नाणं टाकलं. गाणं सुरू झालं आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून धार लागली. हात वर करून ते ठेका धरत होते. "काय दिस हुतं! काय गर्दी! सोलापूरपातुर नाव हुतं माझ्या हाटेलाचं." राजवर्धन दारात उभा राहून घड्याळ बघत होता.

गाणं संपलं. ज्ञानू त्यांच्या पुढ्यात खाली बसला, डावा कान त्यांच्याकडं करून.

"मालक, दुष्काळात एक पोरगं हुतं तुमच्याकडं. कपबश्या धुवायला. निरवांगीचं."

"लय पोरं आली न् गेली बाबा."

"त्येला मारलं हुतं तुमी. ह्या पेटीपशी. गानं चालू आसताना."

हिंदुरावांनी आठवून पाहिलं. खरोखरच आठवून पाहिलं, ते तोंडावर दिसत होतं. त्यात लबाडी नव्हती. "मारलं आसंल. चोऱ्या करायची पोरं. गल्ल्यात हात घालायची."

"त्यानं चोरी न्हवती केली."

"मंग?"

"आमच्यातलं हुतं त्ये. तुमास्नी ठावं न्हवतं. मागनं कळलं."

म्हातारा मान हलवत राहिला. "न्हाय रं. मला काय याद न्हाय."

"मी हुतो त्यो," ज्ञानू म्हणाला.

हे वाक्य म्हणण्यासाठी त्यानं सगळा उन्हाळा पेटीत डोकं घातलं होतं. ते म्हटलं की पुढं काय होईल, याचा त्यानं नाना परींनी विचार केला होता. म्हातारा हात जोडेल, किंवा उठून शिव्या देईल, किंवा मान खाली घालेल. हिंदुरावांनी पुढं वाकून त्याला निरखलं, मग पक्क्या भिंती, पंखा, लेकीच्या पुस्तकांचं कपाट सगळं निरखलं, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"तू व्हय! मंग बरंच झालं की लेका. कारखान्यात लागलास, घर बांधलंस, पोरगी शिकिवलीस. माझ्याकडं ऱ्हायला आसतास तर आजूनबी कपच धुत बसला आसतास."

आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं.

ज्ञानू आतून राग वर यायची वाट बघत तसाच बसून राहिला. राग आला नाही. काहीच आलं नाही. स्वयंपाकघराच्या दारातून अक्काबाई मात्र पुढं आली.

"त्येंचा कान गेला त्या दिवशी," ती म्हणाली. "उजवा. तवापास्नं त्या अंगानं येक शब्द ऐकला न्हाय मानसानं."

हिंदुरावांनी तिच्याकडं पाहिलं, मग दाराकडं. "राजवर्धन, डॉक्टरची येळ झाली नव्हं?"

राजवर्धननं बापाला उठवलं. जीपमध्ये बसवून तो परत आत आला, खिशातून पाकीट काढत. "चांगली केलीय तुम्ही पेटी. आमच्या नव्या बारमध्ये शोला ठेवू. काय घ्याल बोला."

"जावा तुमी," रश्मी म्हणाली. कॉलेजात शिकलेली भाषा तेवढ्यापुरती तिच्या तोंडातून गेली होती. "जावा म्हनते ना."

जीप गेली. शेजारची एक बाई दारात डोकावून म्हणाली, "लावा की अजून येक गानं." अक्काबाईनं दार लोटून घेतलं.

त्यानंतर ज्ञानूनं पेटी लावली नाही. रश्मीनं एकदा लावली तर तो चपला घालून बाहेर गेला. "मोडून टाकू का?" अक्काबाईनं विचारलं तेव्हा म्हणाला, "तिनं काय केलंय?" विकायलाही तयार नव्हता. राजवर्धनचा माणूस पुन्हा दोनदा येऊन गेला.

हंगाम सुरू झाला. टर्बाइन सुरू झाली, आणि दिवाळीनंतर एका पाळीत धोक्याची घंटा वाजत असताना ज्ञानू पॅनेलपुढं पाठमोरा उभाच राहिला. सोबतच्या माणसानं ओढलं म्हणून हात वाचला. साहेबांनी त्याला पॉवरहाऊसातून काढून स्टोअरला बसवलं. तिथं नटबोल्ट मोजून द्यायचे. माणसं त्याच्याशी खुणेनं बोलायला लागली आणि काही दिवसांनी खुणांचाही कंटाळा करायला लागली. कानाचं मशीन आणलं होतं, त्यात नुसता गोंगाट यायचा. तो ते काढून खिशात ठेवायचा.

हिंदुराव पुढच्या वर्षी गेले. बातमी मेव्हण्यानं आणली. अक्काबाईनं ती नवऱ्याच्या कानाशी ओरडून सांगितली, पण त्याला काही लागेना. रश्मीनं पाटीवर लिहून दाखवली. त्यानं वाचली, मान हलवली आणि पाटी पुसून परत दिली. "म्हाताऱ्याला बोलावलं नसतं तर बरं झालं असतं," असं रश्मी आईला म्हणाली. अक्काबाई म्हणाली, "न्हाय. आदी निदान वाटत तरी हुतं, त्येंच्या ध्यानात आसंल म्हनून. आता ठावं झालं. ठावं आसल्यालं बरं." पण हे बोलताना तिचा आवाज काही बरा नव्हता.

रश्मी लग्न होऊन दौंडला गेली. घर दोघांचंच राहिलं. पेटीच्या काचेवर अक्काबाईनं फळी टाकली, वर जुनं लुगडं अंथरलं आणि त्यावर टीव्ही ठेवला. संध्याकाळी ज्ञानू समोर बसून तोंडं हलणारी माणसं बघायचा. मध्येच मोठ्यानं विचारायचा, "काय म्हनतोय त्यो?" अक्काबाईचं हातातलं काम झालेलं असलं तर ती येऊन पाटीवर लिहायची.